झिंगराजींचा देबू



धम्मदीक्षेच्या दिवशी आपण त्रिसरण आणि पंचशील ग्रहण केले. त्यातील पाचवे शील मद्यापासून आणि सर्व मादक पदार्थांपासून अलिप्त राहण्याचे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भूमीवर परमपूज्य बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा आपल्या समाजाकडून म्हणवून घेतल्या, त्यांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. प्रत्येक वंदनेला आपण हे शील म्हणतो. लहान मुलांनाही ते पाठ असते. परंतु पाठ असणे वेगळे आणि घरात उतरणे वेगळे.

आज मी आपल्याला अशा एका माणसाचे चरित्र सांगणार आहे, ज्याने आपल्यासारखी धम्मदीक्षा घेतली नव्हती. तो विठ्ठलाच्या नावाने कीर्तन करीत होता. तरीही हे पाचवे शील त्याने आयुष्यभर पाळले आणि गावोगाव लोकांना पाळायला लावले. तो माणूस म्हणजे संत गाडगेबाबा. आपण त्यांना ओळखतो ते हातातल्या खराट्यावरून आणि गाडग्यावरून. पण तो खराटा हाती येण्यापूर्वी त्यांच्या घरात काय घडले होते, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. ते ठाऊक असणे आपल्या नव्या बौद्ध कुटुंबांना फार गरजेचे आहे.

घर कसे बुडाले

गाडगेबाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी परीट समाजात झाला. वडिलांचे नाव झिंगराजी जानोरकर, आईचे सखुबाई. मुलाचे नाव डेबूजी. घरचे सगळे त्याला देबू म्हणत.

झिंगराजी हे काही मुळात वाईट चालीचे गृहस्थ नव्हते. कष्ट करणारा, चारचौघांत उठबस असणारा माणूस. मग दारू त्यांच्या घरात शिरली कशी? ती चोरासारखी खिडकीतून आली नाही. ती मानाने पुढच्या दाराने आली. त्या काळी खेड्यापाड्यांतल्या कितीतरी जातींत कुळाचार म्हणून देवाला बकरे कापायचे आणि त्यासोबत दारू ठेवायची अशी रीत होती. देवाला दाखवलेले मग भक्तांनी घ्यायचे. बारसे असो, लग्न असो, दहावे-तेरावे असो, जातभाईंची पंगत दारूशिवाय पुरी होत नसे. जो देणार नाही तो जातीत हलका ठरे. देवाचे म्हणून एक घोट, जातीचे म्हणून दुसरा, आणि तिसऱ्या घोटाला कारणच लागत नाही. झिंगराजींचे असेच झाले. दारूपायी होते नव्हते ते गेले, शरीर खंगले आणि १८८४ साली ऐन उमेदीच्या वयात ते वारले. त्या वेळी देबू अवघा आठ वर्षांचा होता. चरित्रकार लिहितात की अखेरच्या दिवसांत झिंगराजींना फार पश्चात्ताप झाला आणि देबूला या मार्गापासून दूर ठेव, असे त्यांनी सखुबाईला विनवले.

जो माणूस आयुष्यभर शुद्धीवर राहू शकला नाही, त्याला मरताना शुद्ध आली. बंधूंनो, अशी उशिरा येणारी शुद्ध आपणही आपापल्या वस्तीत पाहिलेली आहे.

याच सुमारास पुण्यात महात्मा जोतीराव फुले नगरपालिकेचे सभासद होते. शहरात दारूची दुकाने वाढू लागली, तेव्हा १८८० साली त्यांनी नगरपालिकेला पत्र लिहून त्याविरुद्ध आवाज उठवला. म्हणजे वऱ्हाडात एक गरीब घर दारूत बुडत होते आणि तिकडे पुण्यात आपल्या गुरूंपैकी एक गुरू त्याच गोष्टीसाठी सरकारदरबारी भांडत होते. हा प्रश्न नवा नाही, हे आपण लक्षात घ्यावे.

भगवंतांनी सांगितलेले सहा तोटे

झिंगराजींच्या घराकडे पाहिले की सिगालोवाद सुत्ताची आठवण येते. सिगाल नावाच्या एका गृहस्थपुत्राला भगवान बुद्धांनी संसारी माणसाचे आचरण समजावून सांगितले. त्यात दारूचे सहा तोटे आहेत: डोळ्यांदेखत धन जाते, भांडणे वाढतात, शरीर रोगांचे घर बनते, नावलौकिक जातो, लाजलज्जा सुटते आणि बुद्धी मंद होते. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही यादी आजच्या डॉक्टरांपुढे ठेवा, ते त्यातला एकही शब्द खोडणार नाहीत.

रोगांचेच पाहा. पोटात गेलेली दारू पचवून बाहेर टाकण्याचे काम यकृत म्हणजे लिव्हर करते. रोज दारू मिळू लागली की आधी यकृतात चरबी साठते. या वेळी माणसाला काही दुखत नाही, म्हणून तो म्हणतो की मला काही होत नाही. पुढे यकृताला सूज येते, कावीळ होते. त्यानंतर ते आतून कडक होऊ लागते. मग पोटात पाणी होते, पाय सुजतात, अन्ननलिकेच्या शिरा फुटून रक्ताची उलटी होते. चरबीच्या टप्प्यावर दारू कायमची सोडली तर यकृत बहुधा सुधारते. कडक झालेले यकृत मात्र पहिल्यासारखे होत नाही. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, आतडे आणि स्त्रियांचे स्तन यांच्या कर्करोगाचा धोका दारूने वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच दारूला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत घातले आहे. क्षयरोगही पिणाऱ्याला लवकर गाठतो. हातपाय बधिर होतात, स्मरणशक्ती जाते.

आणि हातभट्टीच्या दारूत विषारी मिथिल अल्कोहोल मिसळले गेले तर वर्षे लागत नाहीत, एक रात्र पुरते. माणूस आधी आंधळा होतो आणि मग मरतो. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला अशा दारूने शंभरावर माणसे मेली. ती सारी हातावर पोट असलेल्या वस्तीतली होती. मोठ्या हॉटेलात बसून पिणारा अशा दारूने मरत नाही, हेही ध्यानात ठेवा.

२०१९ साली केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार आपल्या देशात सुमारे १६ कोटी माणसे दारू घेतात आणि त्यांतील जवळपास पावणेसहा कोटींना दारूमुळे झालेल्या त्रासासाठी मदतीची गरज आहे. पण हे आकडे फक्त पिणाऱ्यांचे झाले. त्यांच्या मागे उभी असलेली सखुबाई आणि देबू त्यात मोजलेले नाहीत.

मामाच्या घरी

नवरा गेल्यावर सखुबाई आठ वर्षांच्या देबूला घेऊन माहेरी आली. मूर्तिजापूरजवळच्या दापुरे गावी तिचे भाऊ चंद्रभान शेती करीत. देबू मामाची गुरे राखू लागला. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. बाप दारूने गेला की पोराच्या हातून पाटी जाते आणि गुरांची काठी येते, हा नियम त्या काळी होता आणि पुष्कळ ठिकाणी आजही आहे. मी शिक्षक आहे. वर्गात एखादे हुशार मूल एकाएकी मागे पडू लागले, आठवड्यातून दोन-दोन दिवस येईनासे झाले, की चौकशीअंती दहातल्या कितीतरी घरांत बाटली सापडते. मूल आजारी नसते. घर आजारी असते.

देबू मोठा झाला तसा शेतीत तरबेज झाला. मामाचे शेत त्याने घाम गाळून उभे केले. पण मामा निरक्षर. सावकाराने कागदावर काय लिहून घेतले ते त्यांना कळले नाही आणि कर्ज फिटता फिटेना. शेवटी सावकार शेताचा ताबा घ्यायला आला. मामाने त्या धक्क्याने अंथरूण धरले आणि ते वारले. देबूने मात्र कसत असलेले शेत सोडायला नकार दिला आणि सावकाराच्या माणसांपुढे तो एकटा उभा राहिला.

दारूने बाप नेला, अडाणीपणा आणि कर्ज यांनी मामा नेला. पुढे पन्नास वर्षे गाडगेबाबांनी कीर्तनात जे सांगितले ते सारे या दोन मरणांतून आलेले आहे. त्यांना पोथी वाचावी लागली नाही.

बारशाची पंगत

१८९२ साली देबूचे लग्न कुंताबाईशी झाले. पुढे पहिली मुलगी झाली आणि बारसे ठरले. जातीच्या रिवाजाप्रमाणे या दिवशी भाऊबंदांना मटणाचे जेवण आणि दारू द्यायची असते. सगळे त्याच अपेक्षेने जमले. देबूने पंगत मांडली ती गोडाच्या जेवणाची. दारूचा थेंब नाही, बकऱ्याचा तुकडा नाही.

वाचक बंधू-भगिनींनो, या प्रसंगावर जरा थांबा. आज आपल्याला वाटेल, यात काय मोठे? पण त्या काळी जातपंचायतीचा शब्द म्हणजे कायदा होता. पंगतीची रीत मोडणाऱ्याला वाळीत टाकीत. त्याच्याकडे कोणी जेवायला येत नसे, त्याच्या मुलीला स्थळ मिळत नसे. देबूचे जातभाई साहजिकच रागावले. तरणाताठा, बापाविना वाढलेला, मामाच्या आश्रयाने राहिलेला हा पोरगा. त्याने सर्वांसमोर रीत बदलली आणि तो मागे सरला नाही.

त्याने कोणा पिणाऱ्याला शिव्या दिल्या नाहीत, कोणाची बाटली फोडली नाही. स्वतः पीत नाही असे सांगून तो कोपऱ्यातही बसला नाही. ज्या दाराने दारू त्याच्या बापाच्या घरात आली, ते पंगतीचे दारच त्याने बंद केले. त्याला कळले होते की आपला बाप एकटा प्यायला नव्हता. त्याला जातीने पाजली होती, देवाच्या नावाने पाजली होती. म्हणून एकट्या माणसाने पिणे सोडून भागत नाही, रीतच बदलावी लागते. मला तर असे वाटते की गाडगेबाबांचे पहिले कीर्तन त्या बारशाच्या दिवशीच झाले, आणि ते एक शब्दही न बोलता झाले.

खराटा आणि कीर्तन

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचे कपडे, हाती मातीचे गाडगे आणि खराटा. या गाडग्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. गावात शिरले की आधी रस्ते आणि गटारे साफ करायची, भाकरी कष्टाच्या बदल्यातच घ्यायची आणि रात्री कीर्तन करायचे, हा त्यांचा क्रम. कोणाला पाया पडू देत नसत.

त्यांचे कीर्तन म्हणजे गावाशी चाललेला सवाल-जवाब असे. साध्या वऱ्हाडी बोलीत ते लोकांना प्रश्न विचारीत आणि लोकांकडूनच उत्तर काढून घेत. देवाला बकरे कापू नका, कर्ज काढून सण-लग्न करू नका, दारू पिऊ नका, शिवाशीव पाळू नका, आणि मुलांना शाळेत घाला. पैसे नसतील तर जेवणाचे ताट विका, भाकरी हातावर घेऊन खा, पण मूल शिकवा, असे ते सांगत. दारू आणि शाळा या दोन गोष्टी ते एकाच दमात बोलत, कारण गरिबाच्या घरात या दोहोंचा पैसा एकाच गाठोड्यातून निघतो हे त्यांना पुरते ठाऊक होते. नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईत वांद्र्याला पोलिसांसमोर झालेले त्यांचे कीर्तन ध्वनिमुद्रित झाले. ते आजही ऐकायला मिळते. आपण ते मुलाबाळांसह अवश्य ऐकावे.

लोकांनी दिलेल्या पैशातून त्यांनी पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या केल्या. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात येणाऱ्या रोग्यांच्या नातेवाइकांसाठी १९५४ साली धर्मशाळा बांधली. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या शिक्षणकार्याला त्यांनी साथ दिली. रयत शिक्षण संस्थेने १९५४ साली कराडला काढलेल्या महाविद्यालयाला त्यांचेच नाव आहे. पण या कशावरही स्वतःच्या बायकोमुलांचा हक्क त्यांनी ठेवला नाही.

बाबासाहेब आणि गाडगेबाबा

पंढरपूरला अस्पृश्य यात्रेकरूंना कोणी आसरा देत नसे. त्यांच्यासाठी गाडगेबाबांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली होती. १९४९ साली बाबा मुंबईत आजारी होते. त्या वेळी बाबासाहेब देशाचे कायदामंत्री होते. ते स्वतः त्यांच्या भेटीस गेले. कोणाकडून काही न घेणाऱ्या बाबांनी बाबासाहेबांनी आणलेल्या घोंगड्या स्वीकारल्या, असे सांगतात. त्याच वर्षी पंढरपूरची ती धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली, ती विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी.

आपल्या शहरातील वाचकांना वेगळे सांगायला नको की याच सोसायटीने पुढच्याच वर्षी, १९५० साली, तेव्हाच्या औरंगाबादेत महाविद्यालय काढले. तेच आपले नागसेनवनातील मिलिंद महाविद्यालय. मराठवाड्यातील आपल्या समाजाच्या कितीतरी घरांतले पहिले पदवीधर त्या आवारातून बाहेर पडले. दारूपायी ज्याला शाळा मिळाली नाही त्या देबूने आपल्या कष्टाची इमारत त्या संस्थेला दिली, जिने आपल्याला शाळा-कॉलेज दिले. हे नाते आपण विसरता कामा नये.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीकडे जाताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाशी गाडगेबाबांनी देह ठेवला. २००० सालानंतर शासनाने ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचे नाव दिले, अमरावती विद्यापीठालाही त्यांचे नाव मिळाले. खराट्याची आठवण राहिली हे चांगलेच झाले. पण बारशाच्या पंगतीची आठवण कोण ठेवणार? ती आपल्याला ठेवायची आहे.

आपल्या घरची पंगत

धम्मदीक्षेनंतर आपल्या आईवडिलांनी, आजी-आजोबांनी घरातले देव बाहेर काढले. मरीआई गेली, खंडोबा-म्हसोबा गेले, जत्रेतला बकरा गेला. केवढे मोठे धाडस ते! पण त्या देवांबरोबर आलेली बाटली मात्र पुष्कळ घरांत मागेच राहिली. तिला नवी कारणे मिळाली. हळदीची रात्र, वरातीपुढचे नाचणे, बारसे, नोकरी लागल्याची पार्टी, निवडणुकीचा प्रचार. आणि लिहिताना हात थरथरतो, पण लिहिलेच पाहिजे, १४ एप्रिलच्या मिरवणुकीतही काही तरुण पिऊन येतात. ज्या महापुरुषाने प्रतिज्ञा दिली, त्याच्याच प्रतिमेपुढे ती मोडायची, याला जयंती कसे म्हणावे?

दारू ही काही आपल्याच समाजात आहे असे नव्हे. ती सर्व जातींत, बंगल्यांतही आहे. परंतु श्रीमंताच्या दारूने त्याच्या मुलाची फी चुकत नाही, आपल्या दारूने चुकते. हा फरक आहे. दारूचा धंदा किती बलाढ्य आहे ते आपल्या भागात डोळ्यांनी दिसते. आपल्या औद्योगिक वसाहतींत बिअरचे मोठमोठे कारखाने आहेत. २०१६ च्या दुष्काळात लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागत होते, तेव्हा मराठवाड्यातील दारूच्या कारखान्यांचे पाणी तोडण्यासाठी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला आदेश द्यावा लागला आणि ही कपात टप्प्याटप्प्याने ६० टक्क्यांपर्यंत नेण्यात आली. एवढ्या मोठ्या धंद्यापुढे एकटा माणूस फार काळ टिकत नाही. वस्ती टिकते.

म्हणून पहिले काम पंगतीचे. विहाराच्या बैठकीत सर्वांनी मिळून ठरवा की आपल्या वस्तीत लग्न, हळद, बारसे, जयंती यांपैकी कोणत्याही कार्याला दारू निघणार नाही. जो पहिल्यांदा असे कार्य करील त्याला भाऊबंद नावे ठेवतील. त्या वेळी बाकीच्यांनी त्याच्या पंगतीला मुद्दाम जेवायला जावे. देबूच्या वेळी त्याच्या पाठीशी कोणी नव्हते; आपल्याकडे विहार आहे.

भगिनींनो, आपल्या हाती कायदाही आहे. महाराष्ट्रात २००८ पासूनच्या नियमाप्रमाणे गावातील किंवा वॉर्डातील महिला मतदारांनी मागणी केल्यास दारूच्या दुकानासाठी मतदान घेता येते. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद होते. अनेक गावांतील बायांनी हे करून दाखवले आहे.

आणि ज्याला ही सवय जडलेली आहे, त्याला हाकलू नका. तो रोगी आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम दारू बंद केली तर हातपाय कापतात, भास होतात, झटके येतात आणि जिवाला धोकाही होतो. म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी. आपल्या शहरात घाटीच्या सरकारी रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. केंद्र सरकारचा १४४४६ हा व्यसनमुक्तीचा दूरध्वनी क्रमांक आहे, त्याला पैसे पडत नाहीत. औषधाने शरीर सुटते, पण माणूस घरी परत आल्यावर पहिल्याच हळदीला कोणी त्याच्या हातात पेला दिला तर सारे व्यर्थ जाते. म्हणजे फिरून गोष्ट पंगतीवरच येते.

झिंगराजींना मरताना जे कळले ते देबूने जगताना केले. आपल्या घरातही एखादा देबू वाढतो आहे. पुढच्या कार्याला आपण कोणती पंगत मांडतो, हे तो कोपऱ्यात बसून पाहतो आहे. त्याच्या डोळ्यांदेखत पाचवे शील म्हणा आणि त्याच्या डोळ्यांदेखत ते पाळा.

जयभीम!